क्लो द वुजो : एका भिंतीची सातशे वर्षे

१७ जानेवारी १७९१ रोजी फ्रान्समधल्या बर्गंडीत एका द्राक्षबागेचा सरकारी लिलाव झाला. क्रांतीला दीड वर्ष होऊन गेले होते. नोव्हेंबर १७८९ मध्ये संविधान सभेने चर्चची सारी मालमत्ता राष्ट्राच्या हवाली केली होती आणि पुढच्या फेब्रुवारीत मठांतली व्रते व दीक्षाही कायद्याने रद्द केली होती. सीतो मठाच्या साधूंनी जवळपास सात शतके कसलेली ही जमीन आता विकाऊ झाली होती. बोली ११ लाख लिव्रच्या वर गेली. जेमतेम पन्नास हेक्टरांची बाग, तिच्याभोवती दगडी भिंत, मध्ये एक वाडा. तिचे नाव क्लो द वुजो.

फ्रेंच वाइनच्या बाटल्यांवर 'क्लो' हा शब्द पुष्कळदा दिसतो : क्लो द तार, क्लो द बेझ, क्लो दे लांब्रे. लॅटिन 'क्लाउसुम', म्हणजे बंद केलेले, हे त्याचे मूळ. भिंतीने वेढलेली द्राक्षबाग हा त्याचा साधा अर्थ. पण बाग कोणी बंद केली, कोणापासून आणि त्यातून काय साधले, हे कळल्याशिवाय त्या शब्दाला मिळालेली प्रतिष्ठा उलगडत नाही. ते कळण्यासाठी वुजोइतकी चांगली जागा नाही, कारण इथे भिंत घालणाऱ्यांपासून ती आजही जपणाऱ्यांपर्यंत सगळी साखळी हाताला लागते.

ही साखळी सुरू होते १०९८ मध्ये. मोलेमच्या मठातले जीवन फार सुखासीन झाले आहे, असे वाटून रॉबेर नावाचे मठाधिपती काही मोजके सोबती घेऊन बाहेर पडले आणि दिजों शहराच्या दक्षिणेला, रानाने आणि दलदलीने भरलेल्या एका जागी जाऊन राहिले. तिथे उभा राहिला तो सीतोचा मठ. रॉबेर वर्षभरातच परत बोलावले गेले. त्यांच्यामागे आल्बेरिक आणि नंतर इंग्लंडहून आलेले स्टीफन हार्डिंग यांनी मठ सांभाळला. संत बेनेडिक्टच्या नियमावलीकडे तिच्या मूळ कठोर रूपात परतायचे, हा त्यांचा निश्चय होता. प्रार्थना करायची आणि हातांनी काम करायचे. साधे कपडे, साधे अन्न, साध्या भिंती. १११३ च्या सुमारास बेर्नार नावाचा तरुण सरदारपुत्र तीसेक नातलग-मित्रांसह मठात दाखल झाला आणि या लहानशा प्रयोगाची चळवळ झाली. पुढे संत बेर्नार म्हणून ओळखले गेलेले हे गृहस्थ ११५३ मध्ये वारले, तेव्हा या सिस्टर्शियन पंथाचे युरोपभर ३४० हून अधिक मठ झाले होते.

इतक्या कडक व्रतस्थांचा द्राक्षांशी संबंध काय? पहिले कारण धार्मिक. ख्रिस्ती उपासनेत 'मिस्सा'च्या विधीला वाइन लागतेच. दुसरे कारण नियमावलीतच आहे. बेनेडिक्टने प्रत्येक साधूला दिवसाला एक 'हेमिना', म्हणजे पाव लिटरच्या आसपास वाइन घ्यायची मुभा दिली होती. पूर्ण वर्ज्य करता आली तर उत्तम, पण निदान मर्यादा पाळावी, असा त्याचा सूर होता. तिसरे कारण अर्थव्यवहाराचे. मठात पाहुणे, प्रवासी, आजारी माणसे येत. त्यांचा पाहुणचार करायचा आणि उरलेले विकून धान्य, लोखंड, मीठ आणायचे. पण सीतोची पाणथळ जमीन वेलीला मानवणारी नव्हती. म्हणून साधूंनी दहा-बारा किलोमीटर पश्चिमेला, वुज नावाच्या ओढ्याकाठच्या उतारावर नजर वळवली.

हा उतार 'कोत दोर' या डोंगरकडेचा भाग. ज्युरासिक काळातला चुनखडक वरच्या अंगाला उघडा पडलेला, त्याच्या पायथ्याशी चिकणमाती साचत गेलेली, तोंड पूर्वेला. सकाळचे ऊन अंगावर येते, पाणी वाहून जाते, पश्चिमेचा पाऊस-वारा डोंगर अडवतो. बाराव्या शतकाच्या पहिल्या वीसेक वर्षांत जमीनदारांनी आत्म्याच्या शांतीसाठी सीतोला इथले पडीक तुकडे दान दिले. मठाने आजूबाजूचे तुकडे विकत घेतले, काही बदलून घेतले. १२१२ पासून कागदपत्रांत 'क्लो द वुजो' हे नाव दिसते आणि १३३६ पर्यंत सुमारे पन्नास हेक्टरांची सलग बाग भिंतीआत आली. म्हणजे ही भिंत पुरी व्हायला दोनशे वर्षांहून जास्त काळ लागला. एका माणसाच्या, एका मठाधिपतीच्या आयुष्यात बसणारे हे काम नव्हते. संस्था मरत नाही, तिला वारस लागत नाहीत, तिची जमीन भावाभावांत वाटली जात नाही. म्हणूनच एवढी सलग बाग घडू शकली.

भिंत घालण्याची कारणे अगदी जमिनीवरची होती. कोकणात वाडीभोवती गडगा घालतात, तो रानडुकरे-गुरे अडवतो आणि वाडीतले दगडही वेचून एका जागी लावतो. वुजोतही नांगराला अडणारा चुनखडक उचलून कडेला रचला गेला आणि त्याचीच भिंत झाली. पण मध्ययुगीन फ्रान्समध्ये भिंतीला आणखी एक महत्त्व होते. मोकळ्या शेतात काढणी झाल्यावर गावाची गुरे चरायला शिरत आणि तो गावाचा हक्कच मानला जाई. बंद जागेत तो हक्क चालत नसे. शिवाय द्राक्षांची काढणी कधी सुरू करायची, हा दिवस गावाचा धनी जाहीर करी आणि त्याआधी कोणाला घड तोडता येत नसे. भिंतीआतल्या बागेला त्यातून सूट असे. आपले घड कधी पिकले, हे आपण ठरवायचे, शेजाऱ्याच्या घाईसाठी किंवा धन्याच्या हुकमासाठी थांबायचे नाही, हे स्वातंत्र्य भिंतीने दिले. पिकणे आणि तोडणे यांतल्या दोन-चार दिवसांच्या फरकावर वाइनची जात ठरते, हे ज्याला माहीत आहे त्याला या सवलतीचे मोल सांगायला नको.

भिंतीआत काम करायचे ते बहुतेक 'कॉन्व्हर्सी', म्हणजे दीक्षा घेतलेले पण पूजापाठापेक्षा शेतीकामाला वाहून घेतलेले धर्मबंधू. त्यांच्यासाठी बाराव्या शतकातच बागेत कोठार उभे राहिले. ते जमिनीखाली खोदलेले तळघर नव्हे. जाड भिंतींची, आत गारवा टिकवणारी जमिनीवरचीच इमारत आहे आणि आजही उभी आहे. शेजारी घड पिळण्यासाठी लाकडाची चार प्रचंड दाबयंत्रे होती. अखंड झाडांचे बुंधे वापरून केलेल्या तुळया वजनाने खाली येत आणि रस गळत असे. तीही शाबूत आहेत. आज दिसणारा वाडा मात्र बराच नंतरचा, १५५१ मध्ये मठाधिपती ज्याँ ल्वाझिए यांनी बांधवलेला.

साधूंनी माती चाखून जमिनीची प्रतवारी केली, अशी गोष्ट बर्गंडीत सांगतात. ती दंतकथाच आहे, पण तिच्यामागे खरे काम दडलेले आहे. एकच मालक, एकच बाग आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी निरीक्षणे. बर्फ आधी कुठे वितळते, पावसाचे पाणी कुठे साचते, कोणत्या पट्ट्यातला घड आधी रंग धरतो, कोणत्या पट्ट्यातली वाइन पाच वर्षांनी उतरते आणि कोणती वीस वर्षांनी फुलते. हे एका हयातीत कळत नाही. साधूंनी बागेच्या आतल्या पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिली : वरच्या अंगाला म्युझिन्यी, ग्राँ मोपेर्तुई आणि असे आणखी काही. याच सवयीतून बर्गंडीत जमिनीच्या छोट्या, नावाच्या तुकड्याला 'क्लिमा' म्हणण्याची परंपरा पक्की झाली. २०१५ मध्ये युनेस्कोने बर्गंडीचे १,२४७ क्लिमा जागतिक वारसा म्हणून नोंदवले, त्या नोंदीच्या मुळाशी या मठवासीयांची शतकांची पाळत आहे.

तीन वाइनांची आणखी एक कथा आहे. उताराच्या माथ्यावरची पोपसाठी, मधली राजांसाठी आणि तळची साधूंसाठी. तिला पुरावा नाही, पण तिच्यात जमिनीचे ज्ञान अचूक उतरले आहे. माथ्यावर चुनखडकावर हातभर माती, पाणी लगेच निचरते. मध्ये चिकणमाती वाढते. तळाशी, आजच्या मोठ्या रस्त्याकडे, मीटरभर खोल, ओल धरणारी जड माती. एकाच भिंतीआत तीन स्वभावांची जमीन आहे. सगळी एकाच मालकाची होती तोवर यात अडचण नव्हती. माथ्याचा नाजूकपणा आणि तळाचा भक्कमपणा एका पिंपात आणता येत असे. कोरड्या वर्षी ओल धरणारी खालची माती उपयोगी पडे, ओल्या वर्षी वरची. म्हणजे क्लो द वुजोची कीर्ती झाली ती साऱ्या बागेच्या मेळाची. पुढच्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरणार होती.

ही कीर्ती पसरायला चौदाव्या शतकात राजकारणाचाही हात लागला. १३०९ ते १३७७ या काळात पोप रोम सोडून दक्षिण फ्रान्समधल्या आविन्यों शहरात राहत होते. बर्गंडीची पिंपे नदीमार्गे तिकडे जात. रोमला परत चला, असे पोप उर्बान पाचव्यांना कळकळीने लिहिताना कवी पेत्रार्कने तक्रार केली होती की कार्डिनलांना इटलीत बोनची वाइन मिळणार नाही याची चिंता पडली आहे. बोन हे बर्गंडीच्या वाइन व्यापाराचे शहर, वुजोपासून वीसेक किलोमीटरवर. दुसरीकडे बर्गंडीचे ड्यूक युरोपातल्या सर्वांत श्रीमंत दरबारांपैकी एक चालवत होते आणि आपल्या प्रांताची वाइन ही त्यांच्या प्रतिष्ठेची खूण होती. १३९५ मध्ये ड्यूक फिलिप द बोल्ड यांनी गामे जातीची द्राक्षे उपटून टाकण्याचा हुकूम काढला. १३४८ च्या प्लेगनंतर मजूर मिळेनासे झाले होते आणि थोड्या कष्टात भरघोस पीक देणारी गामे शेतकऱ्यांना सोयीची वाटत होती. ड्यूकना ती वाइन हलकी आणि दगाबाज वाटली. त्यांना हवी होती पिनो, जिला आज आपण पिनो न्वार म्हणतो : कमी पीक देणारी, नखरेल, पण या उतारावर असामान्य फळ देणारी. शेतकऱ्याच्या पोटाचा आणि दर्जाच्या आग्रहाचा हा झगडा खरा होता आणि त्यात शेतकऱ्याचे नुकसान झाले, हे विसरून चालणार नाही.

मग आली १७९१ ची ती बोली. खरेदीदाराला पैसे पुरे करता आले नाहीत आणि बाग काही काळ अधांतरी राहिली. मठाची कोठी सांभाळणारे शेवटचे साधू दों गोब्ले यांनाच तिची देखरेख करायला सांगितले गेले, कारण हे काम येणारा दुसरा कोणी नव्हता. त्यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. नेपोलियनने त्यांच्याकडची जुनी क्लो द वुजो मागवली, तेव्हा त्यांनी निरोप धाडला म्हणे, चाळीस वर्षांची आहे माझ्याकडे, प्यायची असेल तर त्यांनीच इकडे यावे. कर्नल बिसों यांच्याविषयीही सांगतात की सैन्य घेऊन जाताना त्यांनी या भिंतीसमोर तुकडीला सलामी द्यायला लावली. या कथा घडल्या तशाच घडल्या असतील की नाही, हा प्रश्न वेगळा. क्रांतीने मठ मोडला, पण बागेचा मान लोकांच्या मनात मोडला नाही, एवढे त्या निश्चित सांगतात.

१८१८ मध्ये बाग गॅब्रिएल-ज्युलियाँ उव्रार यांच्याकडे आली. नेपोलियनच्या सैन्याला पुरवठा करून अफाट पैसा कमावलेला आणि कर्जापायी तुरुंगही पाहिलेला हा वित्तपुरुष. त्यांच्यानंतर नातलग ज्यूल उव्रार यांनी १८६१ मध्ये मरेपर्यंत ती निगुतीने सांभाळली. त्याच काळात, १८५५ मध्ये डॉ. ज्यूल लाव्हाल यांनी कोत दोरच्या बागांची मोठी प्रतवारी प्रसिद्ध केली, तिच्यात क्लो द वुजो सर्वांत वरच्या श्रेणीत होती. क्रांतीनंतर इतर कित्येक बागांचे तुकडे झाले. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने सर्व मुलांना वारशात समान हक्क दिला. न्यायाच्या दृष्टीने ते मोठे पाऊल होते, पण त्यामुळे बर्गंडीतली जमीन पिढीगणिक चिरत गेली. वुजोची भिंत मात्र एका मालकाखाली एकसंध राहिली.

तिला तडा गेला तो एका किड्यामुळे. अमेरिकेहून आलेली फिलॉक्सेरा नावाची मावा-जातीची कीड वेलींची मुळे खाते. १८७८ मध्ये ती कोत दोरमध्ये, मर्सो गावात आढळली. औषधे मारून पाहिली, पण खात्रीचा उपाय एकच ठरला : या किडीला सहन करणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर पिनोचे कलम करायचे. १८८७ मध्ये इथे त्याला परवानगी मिळाली. याने बागेचे रूपच पालटले. तोवर बर्गंडीत जुन्या वेलीची काडी जमिनीत दाबून नवी वेल उभी करत, म्हणजे दाब कलम. त्यामुळे बागेत ओळी नसत. वेलींची गर्दी असे, हेक्टरी वीस हजारांहून जास्त, आणि माणसालाच कुदळ घेऊन आत शिरावे लागे. कलमी वेली सरळ ओळींत, हेक्टरी दहा हजारांच्या आसपास लावल्या जाऊ लागल्या आणि ओळींमधून घोड्याचा नांगर फिरू लागला. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार आज 'डॉगरिज' खुंटावर कलम करतो. तो क्षार आणि पाण्याच्या टंचाईसाठी. पण अमेरिकन रानवेलीच्या मुळावर दुसऱ्या जातीची काडी चढवण्याची ही रीत जगभर रुजली ती त्या संकटातूनच.

पुनर्लागवडीचा खर्च मोठा, बाजार मंदावलेला. १८८९ मध्ये उव्रार यांच्या वारसांनी बाग विकली आणि ती १५ खरेदीदारांत विभागली गेली. बाराव्या शतकानंतर पहिल्यांदा भिंतीआत एकाहून अधिक धनी आले. वाडा आणि मोठा हिस्सा घेतला लेओंस बोके यांनी. मोडकळीला आलेला वाडा त्यांनी पदरमोड करून दुरुस्त केला. १९१३ मध्ये ते वारले, त्यांचा हिस्साही पुढे फुटला. वाडा एतियेन कामुझे यांच्याकडे आला आणि हिस्सेदार वाढत वाढत आज ८० च्या आसपास आहेत. कोणाकडे काही हेक्टर, कोणाकडे वेलींच्या मोजक्या ओळी.

मठाच्या काळी साऱ्या बागेच्या मेळाने जी वाइन घडत होती, ती आता घडणे शक्य नव्हते. माथ्यावर ओळी असणाऱ्याने माथ्याची वाइन करायची, तळाशी असणाऱ्याने तळाची. तरीही १९३५ मध्ये फ्रान्सने मूळस्थानाच्या नावाचे संरक्षण करणारा कायदा केला आणि १९३७ मध्ये क्लो द वुजोला स्वतंत्र दर्जा दिला, तेव्हा सीमा मानली गेली ती भिंतीचीच. आतल्या पन्नास हेक्टरांना सर्वोच्च 'ग्राँ क्रू' श्रेणी मिळाली. मातीच्या शास्त्रापेक्षा इतिहासाला दिलेला हा मान होता. त्याचा परिणाम आजही चाखता येतो : एकच नाव लिहिलेल्या दोन बाटल्यांत फार मोठा फरक असू शकतो. म्हणून जाणकार क्लो द वुजो घेताना बागेच्या नावाखाली उत्पादकाचे नाव वाचतो.

शेजारच्या मोरे-सँ-दनी गावातली क्लो द तार याच्या उलट उदाहरण देते. ११४१ मध्ये तार मठाच्या सिस्टर्शियन साध्वींनी घेतलेली ही साडेसात हेक्टरांची बाग आजवर फक्त चार धन्यांनी पाहिली आणि कधीच फुटली नाही. दोन्ही बागा एकाच परंपरेत वाढलेल्या, दोन्हींना 'क्लो' नाव, पण एका नावामागे आजही एकच जबाबदार माणूस आहे आणि दुसऱ्यामागे ऐंशी.

तरीही वुजोची भिंत निरर्थक झाली, असे मी म्हणणार नाही. १९३४ मध्ये मंदीने गोदामांत वाइन पडून होती, तेव्हा कामिय रोदिए आणि जॉर्ज फेव्हली यांनी न्युई-सँ-जॉर्ज गावात 'तास्तव्हँ' या चांदीच्या उथळ चाखणी-वाटीच्या नावाने एक मंडळ काढले. वाइन विकली जात नाही ना, मग मित्रांना बोलावून पाजू आणि बर्गंडीची ओळख करून देऊ, असा त्यांचा विचार. १९४४ मध्ये या मंडळाने वुजोचा वाडा घेतला. ज्या ठिकाणी धर्मबंधू रस गाळत होते, तिथे आज बर्गंडीची सारी वाइन-बिरादरी एकत्र बसते. जमीन ऐंशी जणांची झाली तरी वास्तू सर्वांची उरली.

आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि 'नाशिक व्हॅली वाइन' हे नाव त्याखाली नोंदले गेले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारात वाइन आणि मद्यांच्या स्थाननामांना जे खास संरक्षण आहे, त्यामागे बर्गंडीसारख्या प्रदेशांचा अनुभव आहे. त्यामुळे वुजोचा इतिहास आपल्या द्राक्षपट्ट्यासाठी परका नाही. नाव नोंदवायला एक अर्ज पुरतो. त्या नावाला अर्थ यायला मात्र कोणत्या पट्ट्यात काय पिकते याच्या नोंदी ठेवाव्या लागतात, भरघोस पिकाचा मोह आवरावा लागतो आणि नावाआड लपणाऱ्याला जाब विचारावा लागतो. सीतोच्या साधूंनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले, म्हणून त्यांची भिंत त्यांच्या मठाच्या मालकीपेक्षा टिकाऊ ठरली. आणि जेव्हा जेव्हा आतल्या धन्यांनी त्यात कुचराई केली, तेव्हा त्याच भिंतीने त्यांना वाचवले नाही. बागेची हद्द दगडाने आखता येते, तिचा लौकिक दर हंगामात नव्याने कमवावा लागतो.